त्वचेनुसार हायलुरॉनिक ॲसिड सीरम कसं निवडायचं: टक्क्यांआधी सोबतचे घटक वाचा

त्वचेवर पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक ॲसिड तेलकट, कोरड्या, मिश्र, नाजूक अशा जवळपास सगळ्याच त्वचांना चालतं. त्यामुळे 'मला ते चालेल का' या प्रश्नाने निवड पुढे सरकत नाही. निवडायचे असतात ते त्याचे सोबती. बाटलीत आणखी काय आहे, सीरम किती घट्ट आहे आणि त्यावर तुम्ही काय लावणार आहात, यावर सगळं ठरतं. हायलुरॉनिक ॲसिडचे टक्के सारखेच असलेली दोन सीरम्स घ्या. नागपूरच्या मे महिन्यात त्यातलं एक सीरम चेहरा ओढून धरेल आणि दुसरं दिवसभर मऊ ठेवेल. वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याकडे बघून सीरम घेणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात.

नावात ॲसिड आहे, पण ते सोलत नाही

'चेहऱ्याला ॲसिड?' ही घरातल्या मोठ्यांची शंका रास्त आहे. ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक ॲसिड खरोखरच त्वचेच्या वरच्या मृत पेशी सोडवतात. हायलुरॉनिक ॲसिड त्या जातीचं नाही. ग्लुकुरॉनिक ॲसिड आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन हे साखरेच्या कुळातले दोन मणी एकाआड एक ओवून झालेली ती लांबच लांब माळ आहे. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक, घट्टसर द्रवातून ती वेगळी काढली आणि काचेसाठीच्या ग्रीक शब्दावरून तिचं नाव ठेवलं. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात ती साधारण १५ ग्रॅम असते आणि त्यातली जवळपास निम्मी त्वचेत असते. पूर्वी ती कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढायचे. आता प्रसाधनांसाठी बहुतेक ठिकाणी जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून बनवतात. शाकाहारी मंडळींना खात्री हवी असेल तर त्यांनी वेष्टनावर तसा उल्लेख पाहून घ्यावा.

घटकयादीत बहुधा 'सोडियम हायलुरोनेट' असं नाव दिसेल. हा त्याच ॲसिडचा क्षार आहे आणि जास्त टिकाऊ असल्यामुळे वापरला जातो. यात फसवणूक काही नाही.

आता तो प्रसिद्ध दावा: 'स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरून ठेवतं'. तो खरा धरून हिशेब करून पाहू. चेहऱ्याला लागतात ३-४ थेंब, म्हणजे सुमारे ०.२ मिली. सीरम १ टक्क्याचं असेल तर त्यात हायलुरॉनिक ॲसिड भरतं २ मिलिग्रॅम. हजारपट म्हणजे २ मिली पाणी. पण त्या थेंबांत पाणी आहे ०.२ मिलीच. बाकीचं पाणी कुठून येणार? ओलसर चेहऱ्यावरून येईल तेवढं येईल, दमट हवेतून मिळालं तर थोडं मिळेल, नाहीतर येणारच नाही. आणि आलेलं पाणी वरून झाकलं नाही तर उडून जाईल. हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरतं, पाणी तयार करत नाही. हे पक्कं ध्यानात ठेवलं की पुढचा प्रत्येक सल्ला आपोआप पटतो.

त्यामुळे डाग, वांग, टॅन किंवा मुरुमांवरचं औषध म्हणून हे सीरम घेऊ नका. पाण्याच्या कमतरतेने दिसणाऱ्या बारीक रेषा ते काही तास भरून काढतं. खोल सुरकुत्यांसाठी डॉक्टर सुईने जे फिलर देतात त्यातही बहुधा हायलुरॉनिक ॲसिडच असतं, पण ते वेगळ्या रूपात आणि त्वचेच्या आत जातं. बाटलीतलं सीरम तिथवर पोचत नाही.

माळ किती लांब, यावर काम ठरतं

माळ जितकी लांब तितका रेणू मोठा आणि जड. हे वजन, म्हणजे रेणुभार, किलोडाल्टनमध्ये मोजतात. १००० किलोडाल्टनच्या पुढचे मोठे रेणू त्वचेच्या आत शिरत नाहीत. ते वर पातळ, ओलसर पापुद्रा धरतात आणि स्पर्श लगेच मऊ करतात. साधारण ५० किलोडाल्टनच्या खालचे लहान रेणू वरच्या थरात शिरू शकतात. दोन्हींच्या मधले रेणू दोन्ही कामं थोडी थोडी करतात.

'जितका लहान रेणू तितका चांगला' असा सरसकट समज करून घेऊ नका. शरीरात जिथे इजा होते तिथे हायलुरॉनिक ॲसिडचे तुकडे पडतात आणि ते तुकडे दाहाचा इशारा म्हणूनही काम करतात. म्हणून लालसर, चटकन चिडणाऱ्या त्वचेला अतिलहान रेणूंवर भर देणारं सीरम देताना जपून राहावं. निरोगी, कोरड्या किंवा वय झालेल्या त्वचेला वेगवेगळ्या आकारांचं मिश्रण छान चालतं.

रेणुभाराचा आकडा वेष्टनावर क्वचितच सापडतो, पण नावांवरून अंदाज बांधता येतो. 'सोडियम हायलुरोनेट' एवढंच लिहिलं असेल तर रेणू कुठल्याही आकाराचा असू शकतो. सीरम घट्ट, तार सुटणारं असेल आणि यादीत झँथन गम किंवा कार्बोमरसारखा दुसरा घट्टपणा आणणारा घटक नसेल, तर मोठे रेणू भरपूर आहेत असं समजायला हरकत नाही. 'हायड्रोलाइझ्ड हायलुरॉनिक ॲसिड' म्हणजे तोडून लहान केलेली माळ. 'सोडियम ॲसिटिलेटेड हायलुरोनेट' त्वचेला जास्त चिकटून राहतं. 'सोडियम हायलुरोनेट क्रॉसपॉलिमर' म्हणजे माळा एकमेकींत गुंफून केलेली जाळी. ती पाणी हळूहळू सोडते.

त्वचा कोरडी आहे की तहानलेली?

निवडीतली सगळ्यात मोठी चूक इथे होते. कोरडी त्वचा म्हणजे जिला स्वतःचं तेल कमी पडतं. तहानलेली त्वचा म्हणजे जिच्यात पाणी कमी आहे, आणि ती तेलकटही असू शकते. कपाळ चकाकतं, नाकावर तेल येतं आणि तरीही तोंड धुतल्यावर गाल ओढतात, ही तेलकट पण तहानलेली त्वचा झाली. दिवसातून चारदा फेसवॉश वापरणाऱ्या तरुण मुलामुलींमध्ये ती फार दिसते. अशी त्वचा कोरडी समजून जाड क्रीम लावलं की पुटकुळ्या येतात, आणि नुसती तेलकट समजून आणखी घासली की ती आणखी तहानते.

घरी अशी तपासणी करा. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या, काहीही लावू नका आणि पंख्यापासून दूर एक तास थांबा. त्या तासात काय जाणवतं ते लिहून ठेवा. तासानंतर साधा पातळ टिश्यू कागद कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर वेगवेगळा दाबा आणि उजेडात धरा.

कागद सगळीकडे पारदर्शक झाला तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर झाला तर मिश्र. कुठेच झाला नाही आणि चेहरा ओढतोय किंवा पांढुरका दिसतोय, तर कोरडी. आता गालाची त्वचा दोन बोटांनी अलगद जवळ आणा. कागदी, बारीक आडव्या रेघा उमटल्या आणि सोडल्यावरही क्षणभर राहिल्या, तर पाण्याची कमतरता आहे. कागदावर तेल असूनही अशा रेघा दिसत असतील तर हायलुरॉनिक ॲसिडचा सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच होणार आहे.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगायला हवी. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी मेडिकलच्या दुकानातून बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं स्टेरॉइड असलेलं क्रीम महिनोन्महिने लावलं गेलं असेल आणि आता साधं पाणीही चुरचुरत असेल, तर त्याला 'संवेदनशील त्वचा' म्हणून सीरम शोधत बसू नका. ते स्टेरॉइडने झालेलं नुकसान असू शकतं. असं क्रीम स्वतःच्या मनाने एकदम बंद केलं तरी चेहरा भडकतो. थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हा त्रास आपल्याकडे फार घरांत आहे आणि लाजेपोटी लपवला जातो.

बाटलीच्या मागची बाजू वाचताना

भारतातल्या नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. समजा यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरीन, प्रोपेनडायॉल, नियासिनामाइड, पँथेनॉल, फिनॉक्सिइथेनॉल, सोडियम हायलुरोनेट, झँथन गम, इथिलहेक्सिलग्लिसरीन, सायट्रिक ॲसिड.

पाण्यानंतर ग्लिसरीन आणि प्रोपेनडायॉल, म्हणजे ओलावा धरणारे दोन खंदे सोबती पुढेच बसले आहेत. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घातलं जातं आणि त्याची मर्यादा १ टक्का आहे. त्याच्या मागे जे काही आहे ते १ टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे सोडियम हायलुरोनेट १ टक्क्याच्या आत आहे. हे पाहून बाटली परत ठेवू नका. ०.१ टक्क्यापासूनही फरक दिसू शकतो. मोठ्या रेणूंचं १ टक्का द्रावणसुद्धा जेलीसारखं घट्ट होतं, आणि २ टक्क्यांना ते चेहऱ्यावर पसरवणंही अवघड जातं.

यावरून 'शंभर टक्के हायलुरॉनिक ॲसिड' या दाव्याची किंमत कळते. शंभर टक्के हायलुरॉनिक ॲसिड म्हणजे पांढरी पूड. बाटलीतून थेंब पडत असेल तर त्यात बहुतेक पाणी आहे. 'हायलुरॉनिक कॉम्प्लेक्स १० टक्के' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा तयार द्रावणाचा असू शकतो. ते द्रावण १ टक्क्याचं असेल तर प्रत्यक्ष हायलुरॉनिक ॲसिड उरलं ०.१ टक्का. आकडा खोटा नाही, पण तो भलत्याच गोष्टीचा आहे.

ग्लिसरीनला मात्र कमी लेखू नका. त्याचा रेणू इवलासा, जेमतेम ९२ डाल्टनचा, आणि तो त्वचेच्या वरच्या थरात सहज शिरतो. चांगल्या सीरममध्ये अर्धं काम बरेचदा तेच करतं. यादीत फक्त पाणी, सोडियम हायलुरोनेट आणि टिकवणारे घटक असतील तर किंमत कितीही असो, कोरड्या हवेत ते सीरम अपुरं पडेल.

टिकवणारे घटक पाहून घाबरू नका. हायलुरॉनिक ॲसिड ही साखरेचीच माळ, आणि पाण्यातली साखर म्हणजे जंतूंना मेजवानी. म्हणूनच ऑनलाइन पूड मागवून गुलाबपाण्यात कालवायचा घरगुती प्रयोग करू नका. फ्रिजमध्ये ठेवलं तरी काही दिवसांत त्यात काय वाढतंय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ते आपण चेहऱ्याला चोळत असतो.

तेलकट आणि मुरुमांची त्वचा

पातळ, पाण्यासारखं किंवा हलक्या जेलचं सीरम घ्या. हायलुरॉनिक ॲसिड ०.५ ते १ टक्का पुरेसं आहे. त्याहून जास्त असलं की दमट हवेत चेहरा चिकचिकीत होतो आणि माणूस चार दिवसांत बाटली बाजूला ठेवतो. सोबत नियासिनामाइड २ ते ५ टक्के असेल तर उत्तम, कारण ते तेल थोडं आटोक्यात ठेवतं आणि त्वचेचं कवच सावरतं. १० टक्के नियासिनामाइडने काहींचा चेहरा लाल होतो, सुरुवात तिथून नको. झिंक पीसीए आणि ग्रीन टीचा अर्कही चांगले सोबती आहेत.

यादीच्या पहिल्या पाच-सहा नावांत खोबरेल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट किंवा आयसोप्रोपिल पामिटेट दिसलं तर ते सीरम सोडून द्या. डिनेचर्ड अल्कोहोल पुढे असेल तरीही सोडा. लावताना ते गार आणि हलकं वाटतं, पण तहानलेली तेलकट त्वचा त्याने आणखी रुक्ष होते.

मुरुमांसाठी ॲडापालीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर साल निघणं आणि ओढणं सुसह्य करायला हे सीरम फार कामाचं आहे. क्रम मात्र पाळा. ओलसर चेहऱ्यावर सीरम, त्यावर हलकं मॉइश्चरायझर, मग १५-२० मिनिटं थांबून चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर ॲडापालीन. ओल्या त्वचेवर ॲडापालीन लावलं की आग होण्याची शक्यता वाढते.

कपाळावर आणि केसांच्या कडेला एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ते नेहमीचे मुरुम नसून मॅलॅसेझिया या बुरशीचं काम असू शकतं. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत ते वाढतं. हायलुरॉनिक ॲसिड या बुरशीला पोसत नाही, पण सीरममधली तेलं आणि स्निग्धाम्लांचे एस्टर (तेलांतल्या आम्लांपासून बनवलेले घटक) पोसू शकतात. अशा वेळी तेलविरहित सीरमच हवं, आणि निदान डॉक्टरांकडून.

कोरडी त्वचा

कोरड्या त्वचेचे लोक सगळ्यात जास्त आशेने हे सीरम घेतात आणि सगळ्यात जास्त निराशही तेच होतात. कारण एकच. त्यांच्या त्वचेला पाण्याबरोबर तेलाचं झाकण हवं असतं आणि हायलुरॉनिक ॲसिडमध्ये तेल अजिबात नसतं. नुसतं लावून सोडलं तर पापुद्रा वाळतो, आकसतो आणि चेहरा आधीपेक्षा जास्त ओढतो.

दुधाळ, किंचित घट्ट सीरम निवडा. त्यात स्क्वालेन, सेरामाइड, पँथेनॉल, बीटाइन यांपैकी दोन-तीन तरी असावेत. पारदर्शक सीरम घेतलंच, तर वर सेरामाइड, शिया बटर किंवा पेट्रोलॅटम असलेलं क्रीम लावणं अनिवार्य समजा. मोठे आणि लहान रेणू एकत्र असलेलं सीरम इथे पैसे वसूल करतं.

कोकणात आणि गोव्यात आंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल चोळायची जी पद्धत आहे, तिच्यामागचं तत्त्व हेच आहे: आधी पाणी, वर तेलाचं झाकण. मुरुम येत नसतील तर सीरमवर घाण्याच्या खोबरेलाचे २ थेंब तळहातावर चोळून दाबून लावले तरी चालतं. एकदा जरी पुटकुळ्या आल्या तरी ते थांबवा.

बजेट तंग असेल तर स्पष्ट सांगायचं ते असं: ग्लिसरीन, सेरामाइड आणि सोडियम हायलुरोनेट तिन्ही असलेलं एक चांगलं क्रीम घ्या आणि सीरम घेऊच नका. कोरड्या त्वचेला क्रीमशिवाय सीरम पुरत नाही. सीरमशिवाय क्रीम मात्र बरेचदा पुरतं.

मिश्र त्वचा

दोन बाटल्या घेऊ नका. एकच पातळ सीरम सगळ्या चेहऱ्याला लावा आणि वरचं मॉइश्चरायझर बदला: गालांवर क्रीम, कपाळ-नाकावर जेल किंवा काहीच नाही.

नाजूक, चिडणारी त्वचा

इथे यादी जितकी छोटी तितकी बरी. १०-१२ घटकांचं सीरम शोधा. 'परफ्यूम', 'फ्रॅग्रन्स', लिमोनीन, लिनालूल, सिट्रल, जिरॅनिऑल, मेंथॉल आणि सुगंधी तेलं यांतलं काहीही दिसलं तर पुढे जा. 'नैसर्गिक' किंवा 'हर्बल' लिहिलेल्या सीरममध्येच ही नावं जास्त सापडतात. पँथेनॉल, ॲलँटॉइन, सेंटेला म्हणजे मंडूकपर्णी, हे शांत करणारे सोबती. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, फळांची ॲसिड्स असं सगळं एकाच बाटलीत कोंबलेलं सीरम टाळा. त्रास झाला तर कशाने झाला हेच कळत नाही.

चाचणीही नीट करा. एकदा मनगटावर लावून पाच मिनिटांत निकाल लागत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सलग ७ दिवस लावा आणि लावल्यावर लगेच धुऊ नका. खाज, पुरळ, लाली आली नाही तर जबड्याच्या कडेला आणखी ३ दिवस, आणि मग चेहरा. ॲलर्जीची प्रतिक्रिया उमटायला अनेकदा काही दिवस लागतात, म्हणून हा धीर.

चाळिशीनंतर

त्वचेतलं स्वतःचं हायलुरॉनिक ॲसिड वयानुसार आणि उन्हाने कमी होत जातं. वेगवेगळ्या रेणुभारांचं सीरम घ्या, वर सेरामाइडचं क्रीम लावा आणि सकाळी सनस्क्रीन चुकवू नका. सनस्क्रीन नसेल तर बाकी खर्च पाण्यात जातो. रेटिनॉल हवं असेल तर ते वेगळ्या बाटलीत घ्या, म्हणजे त्याचं प्रमाण तुमच्या हातात राहतं. गरोदरपणात हायलुरॉनिक ॲसिड लावायला सहसा हरकत नसते, पण त्याच बाटलीत रेटिनॉल नाही ना हे वाचून घ्या.

तुमची हवा कोणती?

मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की तेलकट त्वचेला सीरम आणि जेल सनस्क्रीन एवढ्यावर भागतं. मधलं मॉइश्चरायझर गाळा. त्याच मुंबईत आठ तास एसीत बसणाऱ्याची हवा मात्र कोरडी असते. तिथे मॉइश्चरायझर गाळू नका.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. कूलरसमोर बसणाऱ्याला थोडा दिलासा मिळतो, कारण ओल्या वाळ्यातून आलेली हवा दमट असते. एसी उलट ओलावा काढून घेतो. या दिवसांत १ टक्क्याच्या आतलं, ग्लिसरीन पुढे असलेलं सीरम आणि वर क्रीम हवंच. उन्हात गाडी चालवायला निघताना नुसतं सीरम लावून निघणं म्हणजे पाच मिनिटांत चेहरा वाळवणं.

पुणे-नाशिककडच्या थंडीत, जेव्हा ओठ उलतात आणि गाल फुटतात, तेव्हा रात्रीच्या क्रीमवर फुटलेल्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. टोरांटो किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्यांनी हिवाळ्यात हाच क्रम रोज पाळावा. घर तापवणाऱ्या यंत्राने घरातली हवा फारच कोरडी पडते.

लावायची रीत

कोमट पाण्याने तोंड धुवा. टॉवेलने एकदाच टिपा, घासू नका. चेहऱ्यावर पाण्याचे थेंब ओघळत नाहीत पण हात लावला तर ओल लागते, अशी अवस्था हवी. तळहातावर ३-४ थेंब घ्या, मानेसाठी आणखी २. तळहात एकमेकांवर टेकवा आणि गाल, कपाळ, हनुवटी असं दाबून लावा. चोळायची गरज नाही. मिनिटभरात, चेहरा अजून दमट असतानाच, मॉइश्चरायझर. सकाळी मग ५ मिनिटं थांबून सनस्क्रीन. चेहरा वाळला असेल तर साधं पाणी शिंपडा. सुगंधी गुलाबपाणी नाजूक त्वचेला नको.

सकाळी व्हिटॅमिन सीचं आम्लधर्मी सीरम वापरत असाल तर ते आधी, पाणी पूर्ण टिपलेल्या चेहऱ्यावर. ते जिरलं की हात ओले करून हायलुरॉनिक ॲसिड. दाढी केल्यावर लावायलाही हे उत्तम आहे, फक्त ते अल्कोहोल आणि सुगंध नसलेलं असावं.

बिनसलं तर

पाच-दहा मिनिटांत चेहरा ओढतोय: चेहरा ओलसर नसताना लावलं किंवा झाकण घातलं नाही. तरीही ओढत असेल तर थेंब निम्मे करा. जास्त लावल्याने जास्त ओलावा मिळत नाही, पापुद्रा जाड होतो इतकंच.

सनस्क्रीन लावताना मळासारख्या वळ्या निघतात: एकावर एक चढवलेले घट्ट थर वाळायच्या आत घासले गेले. सीरम २ थेंबांवर आणा, थरांमध्ये ३-५ मिनिटं सोडा आणि सनस्क्रीन घासण्याऐवजी थापटत पसरवा. तरी वळ्या निघाल्या तर त्या सीरमचं आणि त्या सनस्क्रीनचं जमत नाही. दोन्हींपैकी एक बदला, शक्यतो सीरम. जमलेलं सनस्क्रीन मिळणं जास्त कठीण असतं.

फुटलेल्या त्वचेवर लावताच चुरचुरलं आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबलं तर काळजीचं कारण नाही. आग टिकली, लाली पसरली किंवा सूज आली तर साध्या पाण्याने धुवा आणि पुन्हा लावू नका.

दोन आठवड्यांत नवीन पुटकुळ्या आल्या तर हायलुरॉनिक ॲसिडला दोष देण्याआधी त्याच सुमारास बदललेलं क्रीम, सनस्क्रीन, केसांचं तेल आठवा. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान दोन आठवडे दुसरं काही नवं आणू नका.

विकत घेताना आणि ठेवताना

३० मिलीची बाटली दोन वेळा ०.२ ते ०.३ मिलीने ५० ते ७५ दिवस जाते. किमतीची तुलना बाटलीवर न करता मिलीवर करा. काही बाटल्या १५-२० मिलीच्या असतात आणि खोक्याच्या आकारावरून ते कळत नाही. वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता व नोंदणी क्रमांक पाहा. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण हेही पाहा. सील तुटलेलं असेल तर परत करा.

ड्रॉपरपेक्षा पंपाची बाटली बरी, कारण हवा कमी आत जाते आणि बोटं तर जातच नाहीत. ड्रॉपर असेल तर त्याचं टोक चेहऱ्याला टेकवू नका. उघड्या डबीच्या चित्रात '६ एम' किंवा '१२ एम' लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. उघडल्याची तारीख बाटलीच्या तळाला पेनाने लिहून ठेवा. फ्रिजची गरज नाही, पण बाथरूम, खिडकी आणि उन्हात उभी गाडी या तीन जागा टाळा. उष्णतेने माळ तुटते. घट्ट सीरम पाण्यासारखं पातळ झालं, गढूळ दिसू लागलं किंवा आंबूस वास आला तर बाटली अर्धी भरलेली असली तरी टाकून द्या.